साठीनंतरची विलायत

परदेशातल्या निवृत्त माणसांनी आपल्या देशात कायमचे राहायला येऊ नये, असा कायदा ब्रिटिश संसदेने आजतागायत केलेला नाही. तरीही पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या पासष्टीच्या जोडप्याला लंडनमधल्या मुलाजवळ उरलेले आयुष्य काढायचे असेल, तर तिथला अनुभवी इमिग्रेशन वकील बहुधा पहिल्याच भेटीत 'नाद सोडा' म्हणेल, आणि त्या सल्ल्याची फीही घेईल. कायद्यात मनाई नाही आणि व्यवहारात मात्र वाट नाही, ही परिस्थिती एका रात्रीत आली नाही. गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला तर दिसते ते असे, की दार बंद करण्याचे काम बंदीने केले नाही, खर्चाने केले. सरकारी शुल्क, वकिलाची फी आणि पुरावा जमवण्याचा खर्च या तिन्ही गोष्टी एकेक करून राज्याच्या खांद्यावरून अर्जदाराच्या खांद्यावर आल्या. म्हणून त्यांना स्थलांतर धोरणाची आनुषंगिक कटकट समजणे चूक आहे. वृद्धांच्या बाबतीत तरी तो खर्च हेच धोरण आहे.

सुरुवात अगदी वेगळी होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार स्वतंत्र भारताच्या नागरिकालाही ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे पासपोर्ट आणि बोटीचे भाडे. १९६२ च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने हा हक्क आवळला. पण तो कायदा नोकरी शोधत येणाऱ्या कष्टकऱ्यांना अडवण्यासाठी होता. काम न करता स्वतःचा आणि कुटुंबाचा खर्च भागवू शकेल अशा माणसाला अडवू नये, असे त्याच कायद्यात लिहिलेले होते. म्हणजे पेन्शनवर जगणारा म्हातारा त्या काळी नको असलेला पाहुणा नव्हता. नको होता तो गिरणीत कामाला येणारा तरुण. यात वर्गभेद उघड होता आणि वर्णभेदही लपलेला नव्हता, तेव्हा त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच, की त्या व्यवस्थेत निवृत्ताला वकील लागत नव्हता. नकार मिळालाच तर १९६९ च्या कायद्याने अपिलाची सोय झाली, आणि १९७० मध्ये सरकारी अनुदानावर एक सल्लासेवा उभी राहिली, जी सल्ला फुकट देई आणि अपिलात बाजूही फुकट मांडे. ज्या गृहखात्याने नकार द्यायचा, त्याच्याच पैशातून त्या नकाराविरुद्ध भांडायचे, हा प्रकार आज कोणाला खरा वाटणार नाही.

पुराव्याचा भार कसा वाढत गेला याचा उत्तम नमुना १९८० च्या दशकातल्या नियमांत सापडतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे येऊ पाहणाऱ्या आईवडिलांनी तेव्हा दोन गोष्टी एकदम दाखवायच्या होत्या. एक, आपण त्या मुलाच्या पैशावर अवलंबून आहोत. आणि दुसरी, आपले राहणीमान आपल्याच देशातल्या राहणीमानापेक्षा बरेच खालचे आहे. हा पेच सुटणारा नव्हताच. मुलाने पौंड पाठवले की गावातल्या इतरांपेक्षा म्हाताऱ्यांचे बरे चालणार, म्हणजे दुसरी अट मोडली. न पाठवावेत तर अवलंबित्व उरत नाही, म्हणजे पहिली मोडली. गरीब देशांतले अर्जदार या कात्रीत हमखास सापडत. १९८६ मध्ये मनशूरा बेगम खटल्यात न्यायमूर्ती सायमन ब्राऊन यांनी ही राहणीमानाची अट अन्याय्य आणि अवाजवी ठरवून रद्द केली. पण ती रद्द व्हायला कोणीतरी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. नियमातली विसंगती एखाद्या कारकुनाला अर्ध्या तासात दिसली असती. ती पुसायला काही वर्षे आणि बॅरिस्टर लागले.

१९९४ च्या नियमावलीत निवृत्तांसाठी स्वतंत्र वर्ग होता. वय किमान ६०, स्वतःचे वार्षिक उत्पन्न किमान २५ हजार पौंड, नोकरीधंदा न करण्याची तयारी, ब्रिटन हेच मुख्य घर करण्याचा इरादा आणि ब्रिटनशी 'निकटचा संबंध'. पहिल्या तीन अटी बँकेच्या आणि जन्माच्या दाखल्याने भागत. निकटचा संबंध म्हणजे नेमके काय, हे नियमात कुठेच सांगितलेले नव्हते. मुलगी तिथे राहते हा संबंध धरायचा का, पुतण्या चालेल का, पंचवीस वर्षांपूर्वी तिथे शिकलो हे पुरेल का, हे अधिकाऱ्याच्या मनावर. ज्या नियमाचा अर्थ अधिकाऱ्याच्या मनावर असतो, तिथे अर्जदार वकिलाकडे धावतो. कारण त्याला अर्थ विकत घ्यायचा नसतो, आधीच्या अर्जांचे काय झाले याची माहिती विकत घ्यायची असते. त्यातच नियम चालू अर्जदाराच्या पायाखालून सरकू लागले. एप्रिल २००३ मध्ये या वर्गात दाखल झालेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. चार वर्षे राहा आणि कायम वास्तव्याची परवानगी मागा, असा तेव्हाचा नियम होता, आणि ब्रिटनमधून केलेल्या अशा अर्जाला शुल्क नव्हते. ऑगस्ट २००३ मध्ये टपालाने केलेल्या अर्जावर १५५ पौंड शुल्क आले. २००५ मध्ये ते ३३५ झाले. एप्रिल २००६ मध्ये चाराची पाच वर्षे झाली, म्हणून मधल्या वर्षासाठी मुदतवाढ घेणे आले, आणि तिचे शुल्क वेगळे. एप्रिल २००७ मध्ये कायम वास्तव्याचे शुल्क ७५० पौंडांवर गेले. या माणसाने काहीही चूक केलेली नव्हती. तो फक्त तिथे राहत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये तर हा वर्गच नव्या अर्जदारांसाठी बंद झाला, आणि त्याची कुठे फारशी चर्चाही झाली नाही.

यावर एक सरळ आक्षेप असा, की ज्याला सेवा हवी त्याने तिचे पैसे द्यावेत; मँचेस्टरमधल्या करदात्याने कोल्हापूरच्या अर्जदाराची फाईल का पोसावी? आक्षेप रास्त आहे, आणि शुल्क खर्चाइतके असते तर वाद तिथेच संपला असता. पण २००४ च्या कायद्याने शुल्क प्रशासकीय खर्चापेक्षा जास्त ठेवण्याची मुभा दिली, आणि २०१४ च्या कायद्याने परवानगीमुळे अर्जदाराला होणारा फायदाही हिशेबात धरता येईल असे म्हटले. २०१८ च्या सुमारास कायम वास्तव्याच्या अर्जाचे शुल्क २,३८९ पौंड होते, आणि गृहखात्याच्याच आकडेवारीप्रमाणे तो अर्ज हाताळण्याचा खर्च होता २४३ पौंड. जवळजवळ दहापट. याला सेवेचे मोल म्हणता येत नाही, हा कर आहे, आणि तो मत नसलेल्या माणसांवर बसवलेला असल्यामुळे वाढवायला सोपा आहे. न्यायालयातूनही इथे फारसे हाती लागले नाही. मुलांच्या नागरिकत्व नोंदणीसाठी १,०१२ पौंड घेतले जात आणि खर्च ३७२ पौंड होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये निकाल लागला की संसदेने अधिकार दिला आहे, तेव्हा शुल्क वैध. निकाल कायद्याला धरून आहे. पण त्यातून हेही स्पष्ट होते, की शुल्काला वरची मर्यादा घालील असे आता फक्त राजकारण उरले.

दुसरा आक्षेप वकिलांविषयीचा. अर्ज स्वतः भरता येतो, फॉर्म सरकारी संकेतस्थळावर आहे, मग वकिलाच्या फीचा दोष सरकारला का द्यायचा? त्याचे उत्तर नियमावलीच्या जाडीत आहे. १९७३ मध्ये काही मोजक्या पानांची असलेली ही नियमावली २०२० पर्यंत सुमारे १,१०० पानांची झाली होती, असे विधी आयोगानेच नोंदवले. गंमत म्हणजे त्यातली बरीच पाने एका चांगल्या निकालामुळे आली. अर्जदाराला बांधणारी प्रत्येक अट संसदेपुढे मांडलेली असली पाहिजे, गुपचूप मार्गदर्शिकेत घुसवलेली चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अल्वी खटल्यात सांगितले. हेतू अर्जदाराच्या रक्षणाचा होता; परिणाम असा झाला की मार्गदर्शिकांतला सगळा बारीकसारीक मजकूर नियमांत येऊन बसला. पुढच्याच वर्षी अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशाने या नियमांच्या गुंतागुंतीचा बायझंटाईन सम्राटांनाही हेवा वाटला असता, अशा अर्थाचा शेरा निकालपत्रात मारला. जे न्यायाधीशाला वाचवत नाही ते निवृत्त मुख्याध्यापकाने स्वतः भरावे, ही अपेक्षा मला तरी हास्यास्पद वाटते. आणि ज्या वर्षांत नियम फुगले त्याच वर्षांत मदत आटली. त्या जुन्या सल्लासेवेची वारसदार संस्था जुलै २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. डिसेंबर २०११ पासून अपिलालाही शुल्क लागू झाले, सुनावणीसह १४० पौंड. एप्रिल २०१३ मध्ये बहुतेक इमिग्रेशन प्रकरणे सरकारी विधी साहाय्यातून वगळली गेली. दरम्यान २००१ पासून नोंदणी नसलेल्या माणसाने असा सल्ला देणे हा गुन्हा ठरला होता. ठकसेन सल्लागारांना आवर घालायला हा निर्बंध हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे मंडळातल्या किंवा देवळातल्या जाणत्या माणसाने अर्ज भरून द्यायची जुनी रीत मागे पडली आणि सल्ला हा निखळ धंदा झाला.

मग आला ९ जुलै २०१२ चा नियम, आणि मराठी घरांशी या इतिहासाचा सर्वांत थेट संबंध इथे येतो. तोवर पासष्टीपुढच्या, मुलावर अवलंबून असलेल्या आणि मायदेशी आधार देणारे जवळचे कोणी नसलेल्या आईवडिलांना येता येई. नव्या नियमाने वयाचा निकष जवळजवळ पुसला आणि असाहाय्यतेचा आणला. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या कामांना दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि मुलाने पैसे व श्रम खर्चूनही ती मदत मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करायचे. अर्जही ब्रिटनबाहेरूनच करायचा. आता पुण्याचा विचार करा. तिथे परिचारिका पुरवणाऱ्या एजन्सी आहेत, चोवीस तासांच्या बाया मिळतात, चांगले वृद्धाश्रम आहेत. लंडनच्या रुग्णालयात डॉक्टर असलेल्या मुलाला आईची पुण्यातली शुश्रूषा परवडत नाही, असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि ज्याला खरेच परवडत नाही, त्याला आईला ब्रिटनमध्ये सरकारी मदतीविना सांभाळता येईल हे दाखवता येत नाही. मनशूरा बेगम खटल्यात मोडलेली कात्री नव्या धारेने परत आली. फरक एवढाच की या वेळी ती टिकली: २०१७ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला, जरी शुश्रूषा पुरेशी आहे का हे ठरवताना मानसिक आणि भावनिक गरजाही पाहाव्यात असे सांगितले. त्या एका वाक्यामुळे पुराव्याची यादी आणखी वाढली, कारण भावनिक गरज सिद्ध करायला मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल लागतो. त्याच्या जोडीला इस्पितळाची कागदपत्रे, एजन्सींचे दरपत्रक, मराठी कागदांची प्रमाणित भाषांतरे. त्याच वर्षी या व्हिसाचे शुल्क ३,२५० पौंड झाले, माणशी. अर्ज फेटाळला तर ते परत मिळत नाही.

या नियमाच्या बाजूने सांगितले जाते ते असे, की म्हातारपण आरोग्यसेवेला महाग पडते आणि ब्रिटनची सेवा करांवर चालते. हे खरेच आहे. पण मग तो खर्च मोजून मागता आला असता. ऑस्ट्रेलियाने २००३ पासून आईवडिलांसाठी असा व्हिसा ठेवला की ज्यात माणशी मोठी रक्कम आधी भरायची, आणि ती पुढे चाळीस हजार डॉलरांवर गेली. रक्कम डोळे पांढरे करणारी आहे आणि श्रीमंतांच्याच सोयीची आहे. तिच्यावर टीका करावी तेवढी थोडी. तरी तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे: किंमत लिहिलेली आहे, आणि ती मोजल्यावर, बाकीच्या अटी पाळल्या तर, व्हिसा मिळतो. ब्रिटनमध्ये खर्च केल्यावर मिळतो तो प्रयत्न करण्याचा हक्क. शिवाय आरोग्यसेवेचा मुद्दा २००८ मध्ये बंद केलेल्या वर्गाला लागूच कसा पडतो? २५ हजार पौंडांचे उत्पन्न असलेल्या साठीच्या माणसाला खाजगी विम्याची अट घालणे अवघड नव्हते. तेव्हा नेमका खर्च वसूल करण्यापेक्षा अनिश्चितता महाग करणे सरकारला सोयीचे वाटले, असाच अर्थ निघतो. कारण उघड बंदीवर संसदेत वाद झाला असता, आणि शुल्काच्या तक्त्यावर तो सहसा होत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या आईवडिलांसाठीच्या व्हिसाचे शुल्क ३,४१३ पौंड झाले. नवराबायको दोघे असतील तर दुप्पट, वकील आणि अहवाल वेगळे. त्याच वेळी सहा महिन्यांचा साधा पर्यटक व्हिसा १२७ पौंडांना मिळत होता. त्यावर राहणे म्हणजे वास्तव्य नव्हे, आणि पुन्हापुन्हा येऊन तिथेच घर केल्यासारखे राहिले तर विमानतळावरचा अधिकारी अडवू शकतो. तरीही बहुतेक मराठी आजीआजोबांच्या वाट्याला येते ती हीच सोय: उन्हाळा लेकाकडे, थंडी पुण्यात, आणि परतीचे तिकीट कायम हाताशी.