बी.ए.ला 'स्त्री अभ्यास' घेऊन काय करणार? नायगाव ते कासेगाव, आपल्याच मातीतलं उत्तर

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडं एक प्रश्न ठरलेला असतो. मुलगी म्हणाली, "बी.ए. करते," तर पाहुणे विचारतात, "त्यात काय स्कोप?" त्यात ती स्त्री अभ्यासाचा पेपर घेणार असेल तर विचारूच नका. "बायकांचा काय अभ्यास करायचा? घरात बघतोयच की रोज!" सगळे हसतात आणि विषय संपतो.

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळं मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी नवी मांडणी आली आहे. त्यात असे पेपर घ्यायला जागाही आहे. पण बरीच मुलं 'मार्क पडतात' म्हणून पेपर घेतात, गाईड वाचतात आणि पास होतात. गाईडमध्ये इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, मग दिल्लीचे कायदे. सातारा-सांगली कुठंच नाही. म्हणून आज आपल्याच भागातली चार ठिकाणं घेऊन बोलूया.

पहिलं ठिकाण नायगाव, तालुका खंडाळा. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म इथला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. दरवर्षी ३ जानेवारीला हार, रांगोळी, भाषणं होतात. पण सावित्रीबाईंनी २९ ऑगस्ट १८६८ ला याच नायगावातून जोतीरावांना एक पत्र लिहिलंय, ते किती जणांनी वाचलंय? गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या शारजा नावाच्या मुलीचं प्रेम जमलं. ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावकऱ्यांनी दोघांना धरलं, वाजत गाजत मारायला निघाले. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. खून केलात तर इंग्रज सरकारच्या कायद्यानं काय होईल, याची भीती घातली आणि दोघांचे जीव वाचवले. गाव सोडून जायच्या अटीवर जमाव शांत झाला. मग त्यांनी दोघांना जोतीरावांकडं पुण्याला पाठवून दिलं.

आज आपण ज्याला 'ऑनर किलिंग' म्हणतो, त्याच्या तोंडासमोर ही बाई दीडशे वर्षांपूर्वी उभी राहिली. मास्तरीण म्हणून नाही, गावची लेक म्हणून. जात आणि बाईचं शरीर यांची गाठ कशी बसलेली असते, यावर जगभर पुस्तकं लिहिली जातात. आपल्याकडं त्याचा पुरावा एका पत्रात आहे आणि पत्रावर पत्ता आपल्या जिल्ह्याचा आहे. डॉ. मा. गो. माळींनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेलं आहे. कॉलेजच्या लायब्ररीत मिळतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला हेच पत्र वाचायला दिलं तर?

दुसरं ठिकाण भवानीनगर. आजचा सांगली जिल्हा बराचसा तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून इतिहासात 'साताऱ्याचं प्रतिसरकार' म्हणतात, पण क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आज सांगलीत आहे. १९४३ ते ४६ या काळात अनेक गावांत इंग्रजांचं नव्हे, प्रतिसरकारचं चालायचं. न्यायनिवाडा, कमी खर्चाची गांधी लग्नं, सावकार-गुंडांना शिक्षा. बायकोला टाकणाऱ्या, छळणाऱ्या नवऱ्यांचे निवाडेही व्हायचे.

यात बायका कुठं होत्या? "भाकरी द्यायच्या," हे आपलं ठरलेलं उत्तर. नाना पाटलांच्या लेकीनं, हौसाताईंनी, म्हातारपणी सांगितलेली हकीकत ऐका. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. चौकीसमोर एका साथीदारानं त्यांचा नवरा असल्याचं सोंग घेतलं, त्यांना मारहाण सुरू केली. बाई ओरडतेय म्हणून पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत काम उरकलं. तो मार सोंगाचा होता तरी अंगावर खराच बसला. यातली गंमत बघा. नवरा बायकोला भर रस्त्यात मारतोय हे त्या काळी इतकं नेहमीचं, की कुणालाच संशय आला नाही. याच हौसाताई गोव्यातून परतताना रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी पार करून आल्या.

हौसाताईंचं नाव निदान राहिलं. पण भाकरी देणाऱ्यांचं काय? स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचे केंद्राचे नियम काढून वाचा. सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा, बायकांना तीन महिन्यांची सवलत. भूमिगत असाल तर वॉरंट, बक्षीस किंवा फरारी जाहीर केल्याचा पुरावा हवा. म्हणजे सरकारी कागदावर तुमचं नाव गुन्हेगार म्हणून तरी लागायला पाहिजे. आता एखादी बाई मध्यरात्री उठून दहा माणसांच्या भाकऱ्या थापतेय, उसाच्या फडात पोचवतेय, पोलीस आल्यावर "मला काय ठाऊक नाही" म्हणतेय. ती पकडली गेली नाही, कारण तिनं काम चोख केलं. पण चोख केलं म्हणूनच तिचा कागद झाला नाही. कागद नाही म्हणून ती इतिहासात नाही.

स्त्री अभ्यास शिकवतो तो हा हिशोब. बायकांचं कौतुक करायला त्या पेपरची गरज नाही, त्याला ८ मार्चचे फ्लेक्स आहेत. कागद कोण करतं, कुणाचं नाव लागतं, कुणाचं गळतं आणि गळलेलं नाव कुठं शोधायचं, हे शिकायला तो पेपर लागतो.

तिसरं ठिकाण फलटण. बेबीताई कांबळे तिथं छोटं दुकान चालवायच्या. दुकानात बसल्या बसल्या कागदावर लिहायच्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून लपवून ठेवायच्या. अशी कित्येक वर्षं गेली. १९८२ मध्ये ते लिखाण 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बाईला गाव कसा छळतो हे त्यात आहे आणि घरातला पुरुष कसा छळतो हेही आहे. २००८ मध्ये माया पंडितांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ते आज देशोदेशीच्या विद्यापीठांत शिकवलं जातं. आपल्याकडं फलटण एसटी स्टँडवर उतरणाऱ्या किती बी.ए.च्या मुलींना माहीत असेल, की हे पुस्तक याच गावात लपूनछपून लिहिलं गेलं?

आता हा विषय कॉलेजात आला कसा, तेही थोडक्यात. सरकारनं नेमलेल्या समितीचा अहवाल १९७४ ला आला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागं ९७२ बायका होत्या, १९७१ मध्ये ९३०. देश स्वतंत्र झाला, शाळा-दवाखाने वाढले आणि बायका कमी झाल्या. हे वाचून विद्यापीठांतल्या लोकांना धक्का बसला. त्याच वर्षी मुंबईत एस.एन.डी.टी.मध्ये नीरा देसाईंच्या पुढाकारानं स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. १९८१ ला तिथंच पहिली राष्ट्रीय परिषद झाली. पुणे विद्यापीठात १९८७ ला केंद्र आलं, तिथं विद्युत भागवत, शर्मिला रेगे यांनी जात आणि बाई हे दोन विषय वेगळे शिकवता येत नाहीत हे ठासून मांडलं. पण २०१७ ला बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरातल्या या केंद्रांच्या अनुदानावरच प्रश्नचिन्ह लागलं. म्हणजे विषय अजून पाहुण्यासारखाच आहे, कधी उठवतील सांगता येत नाही.

चौथं ठिकाण कासेगाव, तालुका वाळवा. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या सासूबाई इंदूताई पाटणकर प्रतिसरकारच्या कार्यकर्त्या. गेलबाईंनी प्रतिसरकारवर लिहिलं, शेतमजूर बायकांच्या लढ्यांवर लिहिलं. पण लिहून थांबल्या नाहीत. १९८० च्या दशकात आपल्या भागात परित्यक्ता बायकांची चळवळ उभी राहिली, त्यात या सासू-सून दोघीही होत्या. नवऱ्यानं टाकलेली बाई ना सासरच्या रेशनकार्डावर, ना माहेरच्या. तिची मागणी काय होती? माझ्या नावाचं रेशनकार्ड द्या. बघा, पुन्हा कागदावरच्या नावाचाच प्रश्न.

आणि आजचं काय? २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८५१ मुली होत्या, २०११ ला ८६७. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींचं नाव बदलायचा कार्यक्रम झाला. २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. सावित्रीबाईंच्या जिल्ह्यात आणि प्रतिसरकारच्या मुलखात हे घडलंय. "घरात बघतोयच की रोज" म्हणणाऱ्यांनी नक्की काय बघितलं, हा प्रश्न पडतो.

इंदूताई २०१७ ला गेल्या. गेलबाई आणि हौसाताई २०२१ ला, एका महिन्याच्या अंतरानं. प्रतिसरकार ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही राहिल्या नसतील. त्यानंतरची पिढी, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी, परित्यक्ता मोर्चात चालणारी, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. तीही गेली की मग गाईडच उरेल.

म्हणून आपल्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींना एक विनंती. बी.ए.च्या प्रोजेक्टला इंटरनेटवरून उतरवलेली पानं घेऊ नका. मुलामुलींना दोन कामं द्या. एक, गावातल्या एका म्हातारीशी दोन तास बसायचं, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, तिच्याच बोलीत उतरवायचं. दोन, घरचा सात-बारा आणि फेरफार काढायचे आणि तीन पिढ्यांत कुठल्या बाईचं नाव लागलं, कुठलं हक्कसोडपत्रानं गेलं, ते लिहायचं. लेकींना वडिलोपार्जित हिस्सा महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशात २००५ ला मिळाला. पण सही करून हक्क सोडला तरच माहेर टिकतं, हे आपल्याकडं प्रत्येक बहिणीला ठाऊक आहे. हे काम पोरांनाही द्या, फक्त पोरींना नको. आत्याची सही कधी घेतली हे नातवानंच विचारायला पाहिजे.

आणि ज्यांचं कॉलेज कधीच संपलंय त्यांनी या रविवारी आजीजवळ बसा. ती म्हणेल, "मी काय केलं? काही नाही, घरीच होते." तिथं थांबू नका. "घरी म्हणजे काय काय करत होतीस?" एवढंच विचारा आणि लिहून घ्या. तारीख घालायला विसरू नका, आणि तिचं माहेरचं नावही लिहा.