उपवास, वजन आणि पाप

ख्रिस्ती परंपरेत उपवासाचा संबंध प्रार्थना आणि पश्चात्तापाशी होता, सडपातळ होण्याशी नव्हे. खादाडपणा सात घातक पापांत गणला गेला. तरी पाचव्या शतकातील मठवासी लेखक जॉन कॅसियन यांनी अतिरेकी उपवासही तितकाच घातक असल्याचे बजावले. हा शहाणा इशारा पुढे अनेकदा दुर्लक्षिला गेला. इटलीतील सिएनाची संत कॅथरीन जवळजवळ अन्नावाचून राहू लागली. तिने जेवावे म्हणून धर्मगुरूंनी आग्रह धरला, पण आपल्याला खाता येत नाही असे ती सांगे. १३८० मध्ये, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली.

विसाव्या शतकात अमेरिकेतील प्रोटेस्टंटांनी वजनालाच धर्माच्या कक्षेत आणले. प्रेस्बिटेरियन पाळक चार्ली शेड यांचे ‘प्रे युवर वेट अवे’ हे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. लठ्ठपणाचे मूळ त्यांनी पापात शोधले. १९८६ मध्ये ग्वेन शॅम्ब्लिन यांनी ‘वे डाउन वर्कशॉप’ हे वजन घटवण्याचे वर्ग सुरू केले: उष्मांक मोजू नयेत, खरी भूक लागल्यावरच खावे, एरवी मन देवाकडे वळवावे. हजारो चर्चमध्ये हे वर्ग भरले.

भुकेकडे लक्ष देण्याचा सल्ला वावगा नव्हता. पण वाढलेले वजन म्हणजे आज्ञाभंग, असे मानले की आनुवंशिकता, आजार, औषधे यांचा विचारच उरत नाही आणि आजारी माणूस अपराधी ठरतो. हा अन्याय आहे. २००० मध्ये शॅम्ब्लिन यांनी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त नाकारला, तेव्हा प्रकाशकाने त्यांचे आगामी पुस्तक रद्द केले आणि अनेक चर्चनी वर्ग बंद केले. ही माघार मात्र धर्मतत्त्वासाठी होती, आहारामुळे होणाऱ्या अपायासाठी नव्हे.