विश्लेषण : ब्रिटनमध्ये भाजीच्या वाफ्यांसाठी लोक कोर्टात का जातात?

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये एका बातमीवरून बराच गदारोळ झाला. तत्कालीन उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्या खात्याने आठ ठिकाणच्या ‘अलॉटमेंट’ जमिनींच्या विक्रीला परवानगी दिल्याचे समोर आले. मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन स्वतः अलॉटमेंटवर भाजी पिकवतात. त्यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली. घरांची टंचाई असलेल्या देशात भाजीच्या वाफ्यांवरून एवढे राजकारण का होते आणि हे वाफे वाचवण्यासाठी लोक नेमके काय करतात, ते समजून घेऊ.

अलॉटमेंट म्हणजे काय?

लोकांना भाजीपाला आणि फळे पिकवण्यासाठी भाड्याने दिलेला जमिनीचा छोटा तुकडा म्हणजे अलॉटमेंट. ही जमीन बहुतेक ठिकाणी ‘काउन्सिल’च्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीची असते. एका मोठ्या कुंपणाच्या आत असे अनेक तुकडे असतात. प्रत्येक कुटुंब आपला तुकडा कसते आणि वर्षाचे ठरलेले भाडे भरते. पीक मुख्यतः घरी खाण्यासाठी असते, व्यापारासाठी नाही.

एका तुकड्याचे पारंपरिक माप आहे १० ‘रॉड’, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्याकडच्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे. आता मागणी वाढल्याने अनेक ठिकाणी त्याचे दोन भाग करून अर्धा-अर्धा तुकडा दिला जातो.

ही पद्धत कुठून आली?

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गावांची सामायिक माळराने आणि गायराने कायदे करून खासगी मालकीत गेली. गुरे चारायची आणि सरपण गोळा करायची जागा गेल्याने भूमिहीन मजुरांचे हाल झाले. त्याची थोडी भरपाई म्हणून मजुरांना भाजीपुरती जमीन देण्याची पद्धत पडली.

१९०८ च्या कायद्याने ती काउन्सिलची जबाबदारी ठरली. परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर काउन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लंडनच्या मध्यवर्ती भागाला मात्र ही सक्ती आता लागू नाही.

दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या सरकारी मोहिमेमुळे अशा तुकड्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली. युद्धानंतर दुकानांत भाजी सहज मिळू लागली, शहरे वाढली आणि वाफ्यांच्या जागी इमारती आल्या. आज सुमारे ३ लाख ३० हजार तुकडे उरले आहेत. अनेक शहरांत तुकडा मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते.

कायद्याचे संरक्षण किती?

इथे एक फरक महत्त्वाचा आहे. काउन्सिलने जी जमीन अलॉटमेंटसाठीच विकत घेतली किंवा त्या कामासाठी कायमची राखून ठेवली, ती ‘वैधानिक’ अलॉटमेंट. जी जमीन पुढे दुसऱ्या कामासाठी लागणार आहे, पण तोवर भाजीसाठी वापरू दिली आहे, ती ‘तात्पुरती’. वरून पाहिले तर दोन्हीकडे सारखेच वाटाण्याचे वेल आणि तशाच पत्र्याच्या खोपट्या दिसतात. मात्र, तात्पुरत्या जमिनीला अलॉटमेंट कायद्याचे ते विशेष संरक्षण नसते. तिच्यासाठी बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच भांडावे लागते.

वैधानिक जमीन काउन्सिलला परस्पर विकता येत नाही किंवा तिचा वापर बदलता येत नाही. १९२५ च्या कायद्याच्या आठव्या कलमानुसार त्यासाठी केंद्रीय मंत्र्यांची संमती लागते. हलवल्या जाणाऱ्या लोकांना पुरेशी पर्यायी जागा मिळेल, किंवा ती देण्याची गरज नाही वा ते व्यवहार्य नाही, याची मंत्र्यांना खात्री पटली पाहिजे. सरकारी धोरणानुसार आणखी काही गोष्टीही तपासल्या जातात : जमीन खरोखर गरजेपेक्षा जास्त आहे का, प्रतीक्षायादीतल्या लोकांचा विचार झाला आहे का, रिकाम्या तुकड्यांची नीट जाहिरात केली होती का आणि राष्ट्रीय अलॉटमेंट सोसायटीचे मत घेतले आहे का.

वॉटफर्डमध्ये काय झाले?

या नियमांची सर्वांत मोठी कसोटी लंडनच्या वायव्येला असलेल्या वॉटफर्ड शहरात लागली. तिथली ‘फार्म टेरेस’ अलॉटमेंट १८९६ पासूनची. तिला लागूनच शहराचे मुख्य रुग्णालय आहे. रुग्णालयाचा परिसर, नवी घरे आणि व्यवसाय असा एकत्रित विकास करण्याच्या योजनेत काउन्सिलला ही जमीन हवी होती. काउन्सिलचे म्हणणे होते की, या जमिनीशिवाय योजना आर्थिकदृष्ट्या नीट उभी राहत नाही आणि वाफेवाल्यांना दुसरीकडे जागा मिळेल.

तत्कालीन मंत्री एरिक पिकल्स यांनी २०१३ मध्ये संमती दिली. वाफेवाल्यांनी लोकांकडून पैसे जमवले आणि न्यायालयात आव्हान दिले. मंत्र्यांनी स्वतःच्याच धोरणाचा नीट विचार केला नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ती संमती रद्द झाली. सरकारने पुन्हा संमती दिली, तीही टिकली नाही. तिसऱ्यांदा संमती मिळाली तेव्हा प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेले. जमीन वापरात होती, ‘जादा’ नव्हती. मग नेहमीचे निकष पूर्ण होत नसताना ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून ती देता येते का, हा प्रश्न होता. २०१६ मध्ये निकाल लोकांच्या विरोधात गेला आणि १२० वर्षांची बाग गेली.

या लढ्यात न्यायालय ‘बाग महत्त्वाची की रुग्णालय’ हे ठरवत नव्हते. मंत्र्यांनी निर्णय कायद्याला धरून आणि योग्य कारणे देऊन घेतला का, एवढेच ते तपासत होते. म्हणूनच सरकारला चूक सुधारून पुन्हा संमती देता आली. न्यायालयीन विजयाने वेळ मिळतो, जमीन कायमची सुरक्षित होत नाही.

ऑलिंपिकपुढे बाग कशी हरली?

पूर्व लंडनमधल्या ‘मॅनर गार्डन’ अलॉटमेंटची गोष्ट वेगळी आहे. बँकर आणि समाजसेवक आर्थर व्हिलियर्स यांनी गरीब वस्तीतल्या कुटुंबांसाठी ती सुरू केली होती. २०१२ च्या ऑलिंपिक संकुलासाठी परिसराचे सक्तीने भूसंपादन झाले आणि २००७ मध्ये सुमारे ८० तुकड्यांची ही बाग रिकामी करावी लागली.

मात्र, लोकांनी संघटना मोडली नाही. स्पर्धेनंतर ऑलिंपिक पार्कच्या परिसरात परत जागा मिळावी, या आश्वासनाचा पाठपुरावा त्यांनी वर्षानुवर्षे केला. शेवटी काही सभासदांना पार्कच्या दक्षिणेला पुडिंग मिल लेन इथे नवी जागा मिळाली, तर बाकीचे लेटनमधल्या तात्पुरत्या जागीच राहिले. जागा मिळाली, पण एका कुंपणात राहिलेली मंडळी दोन ठिकाणी विभागली गेली.

मोहिमा नेमके काय करतात?

पहिले काम कागदपत्रांचे. जमीन वैधानिक आहे की तात्पुरती, हे जुनी खरेदीखते आणि काउन्सिलचे ठराव शोधून ठरवावे लागते. अनेकदा पूर्ण लढाईचा निकाल याच कागदावर अवलंबून असतो.

दुसरे, एकही तुकडा पडीक राहू न देणे. गवत माजलेले तुकडे म्हणजे ‘इथे मागणीच नाही’ या युक्तिवादाला आयता पुरावा. त्यामुळे संघटना काउन्सिलकडून व्यवस्थापन स्वतःकडे घेतात, रिकामे तुकडे लगेच वाटतात आणि प्रतीक्षायादी अद्ययावत ठेवतात.

तिसरे, २०११ च्या स्थानिकता कायद्याचा वापर. इंग्लंडमध्ये एखादी जागा ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून नोंदवता येते. अशी जागा विकायला निघाली, तर ती स्वतः घेण्यासाठी पैसे उभे करायला स्थानिक गटाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. मालकाने ती त्यांनाच विकावी असे बंधन मात्र नसते.

चौथे, वेळेचे भान. मंत्र्यांच्या किंवा काउन्सिलच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याची मुदत साधारण तीन महिने असते. बांधकाम परवानगीच्या प्रकरणात ती फक्त सहा आठवडे आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय?

काउन्सिलांचे पैसे आटले आहेत, घरे आणि रुग्णालये हवीच आहेत. अडीच गुंठ्यांवर एक कुटुंब भाजी पिकवते, तिथे अनेक कुटुंबे राहू शकतील, हा हिशेब खोटा नाही. पर्यायी जागा देतो, असेही काउन्सिल सांगते.

वाफेवाल्यांचे उत्तर मातीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत आणि पालापाचोळा घालून तयार झालेली माती उचलून नेता येत नाही. लावलेली फळझाडे नव्या जागी पुन्हा धरायला वर्षे लागतात. नवी जागा दोन बस बदलून गाठायची असेल, तर रोज पाणी घालायला येणारे सत्तरीतले आजोबा तिथे जात नाहीत. ते बागकाम सोडतात. कायद्यातली ‘पुरेशी पर्यायी जागा’ कागदावर चौरस मीटरमध्ये मोजता येते. पण ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे का आणि तिथली माती कशी आहे, हे संमती दिली जाण्यापूर्वी विचारून घेणे, हेच आता अशा मोहिमांचे सर्वांत महत्त्वाचे काम झाले आहे.