वाळवंटाने जपलेल्या पोथ्या



गेल्या पौषात मी आणि माझी मैत्रीण जैसलमेरजवळ सम गावच्या वाळूच्या टेकड्यांत दोन रात्री तंबूत राहिलो. ती श्वेतांबर ओसवाल, तिचे पूर्वज मारवाडातून नगर जिल्ह्यात आलेले. मी सांगलीकडची दिगंबर. रात्री जेवायचे नाही हा नियम दोघींचाही, म्हणून तंबूवाल्यांना आधीच सांगून ठेवले होते. सूर्य टेकडीआड जायच्या आत बाजरीची भाकरी, केर-सांगरी आणि गट्ट्यांची भाजी, कांदा-लसणाशिवाय, ताटात आली. पाणी गाळायचे फडके घरूनच नेले होते. ते धुऊन दोरीवर टाकले आणि बघता बघता कडकडीत वाळले. मैत्रीण म्हणाली, "अगं, आपल्याकडे आषाढात हेच फडकं दोन दिवस ओलं राहतं!"

आज मला सांगायचे आहे ते याच कोरड्या हवेबद्दल. या हवेने आपल्या धर्माची आणि आपल्या भाषेचीही मोठी ठेव सांभाळली आहे.

आधी गाव समजून घेऊ. भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा. इ.स. ११५६ मध्ये रावळ जैसलने तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, तेच जैसलमेर. गुजरातेतून सिंध-मुलतानकडे जाणारे उंटांचे तांडे या वाटेने जात. राज्याला जकात मिळे, व्यापाऱ्यांना नफा, आणि त्या व्यापाऱ्यांत जैन पुष्कळ होते. लोद्रव्याचे उद्ध्वस्त पार्श्वनाथ मंदिर १७व्या शतकात थाहरू शाह भणसाळी या श्रेष्ठींनी पुन्हा उभे केले. किल्ल्यात पिवळ्या दगडाची सात जैन मंदिरे आहेत. त्यांपैकी संभवनाथ मंदिराच्या तळघरात १५व्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी ज्ञानभांडार स्थापन केले.

आता विचार करा. ताडाचे झाड या वाळूत होत नाही. पाने बाहेरून यायची. पुष्कळशा पोथ्या गुजरातेत लिहून झालेल्या, त्या प्रवास करून इथे आल्या. मग इथेच का ठेवायच्या? एक तर हवा कोरडी. दमट प्रदेशात ताडपत्राला बुरशी आणि कसर लागते, काही पिढ्यांत नवी नक्कल करावी लागते. दुसरे म्हणजे मोठ्या राजधान्यांपासून दूरचा, टेकडीवरचा किल्ला. पण हवा आणि तटबंदी एवढ्याने पोथी टिकत नाही. पानांना भोके पाडून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी पाट्या लावायच्या, कापडात बांधायचे, वर्षातून एकदा सोडून बघायचे. हे सगळे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केले.

त्या माणसांत बायकाही होत्या. जुन्या जैन पोथ्यांच्या शेवटी पोथी कोणी लिहवून घेतली ते नोंदलेले असते. त्यात श्राविकांची नावे वारंवार येतात. कोणी आईवडिलांच्या श्रेयासाठी, कोणी पतीच्या, कोणी स्वतःच्या पुण्यासाठी पोथी लिहवून साधूंना दिली. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांतले शास्त्रदान ते हेच. एरवी इतिहासात ज्यांचे नाव कुठेच सापडले नसते, त्या बायका पोथीच्या शेवटच्या पानावर आपल्याला भेटतात.

या भांडारातून काय काय मिळाले पाहा. १८७४ मध्ये ब्यूलर आणि याकोबी हे जर्मन विद्वान इथे आले. त्यांना बिल्हण कवीच्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी सापडली. कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याचे हे चरित्र. त्याची सत्ता आपल्या दक्षिण महाराष्ट्रावरही होती. म्हणजे दख्खनच्या राजाची कहाणी जैनांनी थरच्या वाळवंटात जपली, आणि ग्रंथ जैन नसतानाही जपली.

दुसरी पोथी उद्द्योतनसूरींच्या 'कुवलयमाले'ची. इ.स. ७७९ मध्ये जालोरला पूर्ण झालेली ही प्राकृत कथा. तिच्यात बाजारातल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे, आणि मरहट्ट्यांच्या तोंडी 'दिले', 'घेतले' या अर्थाचे त्यांचे शब्द घातले आहेत. आपल्या बोलीची ही फार जुनी खूण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी हा ग्रंथ संपादित केला तेव्हा हाताशी दोनच पोथ्या होत्या. एक पुण्याच्या भांडारकर संस्थेतली कागदावरची, दुसरी जैसलमेरची ११व्या शतकातली ताडपत्रावरची. दिगंबर पंडित, श्वेतांबर आचार्यांचा ग्रंथ. मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या-आमच्यातलं भांडण पोथ्यांना माहीतच नव्हतं!"

पुढे व्यापार समुद्रमार्गे मुंबई बंदराकडे वळला, १९४७ नंतर सिंधची वाटच बंद झाली. श्रीमंत घरे गाव सोडून गेली. भांडार मात्र राहिले. १९५० मध्ये मुनी पुण्यविजयजी पायी विहार करत जैसलमेरला पोहोचले. त्यांनी पोथ्या तपासल्या, विस्कटलेली पाने जुळवली, मायक्रोफिल्म करवून घेतल्या, यादी तयार केली. ती यादी १९७२ मध्ये अहमदाबादहून छापून निघाली, तेव्हा ते हयात नव्हते. १९७१ मध्येच त्यांचे देहावसान झाले होते.

हे सगळे लिहायचे कारण आपल्या माळ्यावर आहे. अनेक घरांत आजीच्या ट्रंकेत हाताने लिहिलेल्या पूजा, व्रतकथा, आरत्यांच्या वह्या असतात. घर बदलताना, रंग काढताना त्या नदीत सोडल्या जातात. 'रद्दीत घालायचे नाही, पाप लागेल' ही भावना चांगली आहे, पण पाण्यात गेलेली जिनवाणी पुन्हा कोणाला वाचता येणार? आपल्याकडे वाळवंटाची हवा नाही. म्हणून आपल्यालाच जास्त जपायला हवे.

दिगंबरांची श्रुतपंचमी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिकात, पाऊस सरल्यावर. त्या दिवशी नुसती पूजा करून थांबू नका. वह्या उघडा, सावलीत हवा द्या, कडक उन्हात ठेवू नका. स्वच्छ कोरड्या सुती कापडात बांधा, शेजारी वेखंडाचा तुकडा ठेवा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. आणि एका चिठ्ठीवर ही वही कोणाच्या हातची, कोणत्या गावची, ते लिहून आत ठेवा. आजीचे पूर्ण नाव लिहा, नुसते 'आजी' नको.