आवडता विषय, नावडता विषय : शालान्त परीक्षेच्या चौकटीतील पसंती आणि गणिताचा प्रश्न

नवी दिल्ली : आवडता विषय कोणता, या प्रश्नाला माध्यमिक शाळेतील विद्यार्थी बहुधा एका शब्दात उत्तर देतो. नावडता विषय विचारला की उत्तर लांबते. त्यात विषयाबरोबर शिक्षक येतात, प्रश्नपत्रिका येते, मागच्या चाचणीतले गुण येतात आणि पुष्कळदा पुढल्या वर्षाची धास्तीही येते. देशभरातील शैक्षणिक आयोग, अभ्यासगट आणि परीक्षा मंडळांच्या निर्णयांकडे पाहिले, तर या दुसऱ्या उत्तरातील एका विषयाने शासनयंत्रणेला गेली काही दशके सतत कामाला लावलेले दिसते. तो विषय म्हणजे गणित. विशेष असे की, आवडीच्या यादीतही त्याचे नाव पुष्कळदा अग्रभागी असते. इतका तीव्र अनुराग आणि इतका तीव्र तिटकारा अन्य कोणत्याही शालेय विषयाच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

ही पसंती-नापसंती निव्वळ स्वभावाची किंवा बुद्धीची बाब मानण्याचा प्रघात आहे. ‘त्याचे डोके गणितात चालत नाही’ हे वाक्य घराघरांत सहज उच्चारले जाते. प्रत्यक्षात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची आवड ज्या चौकटीत घडते, ती चौकट अनिवार्य विषय, गुणदानाची पद्धत, अध्यापनाची भाषा आणि अकरावीच्या प्रवेशाचे नियम यांनी बनलेली आहे. ती बदलली की आवडही बदलते, याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत.

अनिवार्यतेची पार्श्वभूमी

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित हे सर्व विद्यार्थ्यांच्या सामान्य शिक्षणाचा अविभाज्य भाग असावेत, अशी शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती स्वीकारली. पुढे १०+२+३ हा आकृतिबंध राज्याराज्यांत लागू होत गेला. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलालाही बीजगणित आणि विज्ञान मिळावे, ही त्यामागची भूमिका समतेची होती. परंतु जो विषय सर्वांना सक्तीचा, त्यातच सर्वाधिक अनुत्तीर्ण होणार, हा परिणामही तिच्याबरोबर आला. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांवर अनेक पिढ्यांचे शालान्त प्रमाणपत्र अडले.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होत असताना गणित अध्यापनाविषयी नेमलेल्या राष्ट्रीय अभ्यासगटाने या परिस्थितीचे निदान स्पष्ट शब्दांत केले. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील प्रा. आर. रामानुजम या गटाचे अध्यक्ष होते. बहुसंख्य मुलांच्या मनात गणिताविषयी भीती आणि अपयशाची भावना आहे. अभ्यासक्रम मोजक्या हुशार मुलांची निराशा करतो आणि वर्गात सहभागीच न होणाऱ्या बहुसंख्यांचीही. मूल्यमापन इतके स्थूल आहे की गणित म्हणजे यांत्रिक आकडेमोड असा समज दृढ होतो. आणि शिक्षकांची पूर्वतयारी व त्यांना मिळणारे साहाय्य अपुरे आहे, असे चार दोष या गटाने नोंदवले. त्यातील दुसरा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. गणित नावडणाऱ्यांची चर्चा खूप होते. ज्याला गणित मनापासून आवडते, तोही शाळेच्या गणितावर नाखूष असतो, ही गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही.

गणिताची भीती ही केवळ भारतीय बाब नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१२ मध्ये घेतलेल्या ‘पिसा’ चाचणीत सदस्य देशांतील सुमारे ५९ टक्के विद्यार्थ्यांनी, गणिताचे तास आपल्याला कठीण जातील याची वारंवार काळजी वाटते, असे सांगितले होते. भारत त्या फेरीत सहभागी नव्हता. त्याआधीच्या फेरीच्या विस्तारित टप्प्यात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली होती आणि दोन्ही यादीच्या तळाशी राहिली.

आकडे काय सांगतात

नावडता विषय आणि कच्चा विषय एकच, असे गृहीत धरले जाते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी देशभर झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने या समजाला थोडा छेद दिला. दहावीच्या विद्यार्थ्यांची ५०० पैकी राष्ट्रीय सरासरी गणितात २२०, सामाजिक शास्त्रात २३१, आधुनिक भारतीय भाषेत २६०, तर इंग्रजीत २७७ होती. सर्वांत कमी सरासरी विज्ञानाची होती, २०६. असे असूनही शाळाशाळांतून ‘विज्ञान आवडते’ हे उत्तर मिळते आणि भीती गणिताची व्यक्त होते. विज्ञानात आकृती आहेत, प्रयोगशाळा आहे, निदान तिचे आश्वासन तरी आहे. गणितात चूक लपवायला जागा नाही. इतिहासाच्या उत्तरात चार ओळी इकडच्या-तिकडच्या लिहून दोन गुण पदरात पडतात. समीकरण चुकले तर ते चुकल्याचे शेजारच्या बाकावरही कळते.

याच सर्वेक्षणातील आणखी एक मालिका अधिक चिंताजनक आहे. गणिताची सरासरी तिसरीत ३०६, पाचवीत २८४, आठवीत २५५ आणि दहावीत २२० अशी उतरत जाते. अर्थात दहावीत ज्याला गणित नावडते, त्याची नावड दहावीत जन्मलेली नसते. अपूर्णांक, दशांश चिन्ह, ऋण संख्या आणि मग अक्षरांनी लिहायचे बीजगणित अशा एकेका पायरीवर काही मुले मागे राहतात आणि पुढची पायरी आधीच्या पायरीशिवाय चढता येत नाही. भूगोलात आफ्रिका खंड राहून गेला तरी आशिया समजतो. गणितात तसे होत नाही.

मराठी वाचकांना २०१९ मधील संख्यावाचनाचा वाद आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले आणि विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत टीका व थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की, मराठीत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, लिहिताना मात्र क्रम उलटा असतो, आणि लहान मुलाला ही अडचण प्रत्यक्ष जाणवते. पद्धत योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. परंतु नावडीचे मूळ दुसरीच्या वर्गात शोधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि तो विनोदात वाहून गेला.

भाषेचा प्रश्न माध्यमिक शाळेत निराळ्या रूपाने पुढे येतो. महाराष्ट्रातील अनेक मराठी शाळांत ‘सेमी-इंग्रजी’ पद्धतीने गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते. लसावि-मसावि, काटकोन त्रिकोण, वर्गसमीकरण हे शब्द ज्याच्या कानावर मराठीतून पडले, त्याला त्याच संकल्पना नव्या नावांनी पुन्हा ओळखाव्या लागतात. शाब्दिक उदाहरण सुटले नाही, तर अडचण गणिताची होती की इंग्रजीची, हे गुणांवरून कळत नाही. गुणपत्रिकेवर ‘गणित’ एवढेच छापलेले असते.

गुणांनी घडवलेली आवड

आवडीवर गुणपद्धतीचा परिणाम पाहायचा असेल, तर महाराष्ट्रातील संस्कृतचे उदाहरण बोलके आहे. राज्य मंडळाच्या शाळांत विद्यार्थ्याला हिंदी, संपूर्ण संस्कृत किंवा पन्नास-पन्नास गुणांचे संयुक्त हिंदी-संस्कृत असे पर्याय असतात. संस्कृतात व्याकरण नियमबद्ध, उत्तरे निश्चित आणि शंभरपैकी शंभर गुण शक्य, म्हणून हुशार मानल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओढा तिकडे असतो. त्यांच्यापैकी अनेकांचा संस्कृतशी संबंध दहावीनंतर संपतो. अकरावीत दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा तितकाच ‘गुण देणारा’ विषय उपलब्ध असतो. संस्कृत मनापासून आवडणारी मुले आहेतच. पण दोन्ही प्रकारचे विद्यार्थी एकाच पर्यायावर खूण करतात आणि बाहेरून भेद दिसत नाही.

‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ या पद्धतीने तर नावडत्या विषयाला अधिकृत स्थान दिले. महाराष्ट्र सरकारने २०१० मध्ये तिचा अवलंब केला, मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पद्धत वैध ठरवली. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी निघते. सहावा विषय उत्तीर्ण होण्यापुरता उरतो. त्यामुळे नवव्या इयत्तेपासूनच कोणता विषय ‘सोडायचा’ याचे नियोजन घरात आणि शिकवणीत सुरू होते. कित्येकदा तो सामाजिक शास्त्रांचा गट असतो. चाळीस गुणांचा इतिहास व राज्यशास्त्र आणि चाळीस गुणांचा भूगोल वाचायला खूप आणि पूर्ण गुण मिळायला अवघड, हा त्यामागचा हिशेब. इतिहास नावडण्याचे खापर सनावळ्यांवर फोडले जाते, त्यात हा हिशेबही मिसळलेला असतो.

या संदर्भात श्रीनिवास रामानुजन यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. कुंभकोणमच्या महाविद्यालयात त्यांना मिळालेली शिष्यवृत्ती गणितेतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्याने गेली होती.

ज्या तासाला मुले खरोखर आनंदाने जातात, तो खेळाचा तास. अनेक शाळांत परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. गणिताविषयीच्या नावडीत या व्यवहाराचा वाटा किती, याचा अभ्यास कोणी हाती घ्यावा.

सोपा पर्याय आणि बंद होणारा मार्ग

भीती कमी करण्यासाठी मंडळांनी काढलेला प्रमुख मार्ग म्हणजे विषयाचे दोन स्तर. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जानेवारी २०१९ मध्ये घोषणा करून २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ‘प्रमाणित’ आणि ‘मूलभूत’ गणित असे दोन पेपर सुरू केले. अभ्यासक्रम, वर्गातील अध्यापन आणि अंतर्गत मूल्यमापन दोघांना समान. फरक केवळ अंतिम प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. मूलभूत गणित घेणाऱ्याला अकरावीत गणित घेता येणार नाही, अशी मूळ अट होती. कोविडच्या काळात ती शिथिल झाली आणि ही सवलत पुढेही काही वर्षे देण्यात आली. अकरावीसाठी २०२०-२१ पासून ‘उपयोजित गणित’ हा वेगळा विषयही आला. वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने गणितापासून आरंभ करून सर्वच विषय दोन स्तरांवर देण्याची कल्पना मांडली आहे.

महाराष्ट्राचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. राज्य मंडळात ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय काही वर्षे होता. नववी-दहावीचा अभ्यासक्रम २०१७ आणि २०१८ मध्ये बदलला, तेव्हा तो वगळण्यात आला. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सातवीच्या स्तराचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा आहे. याच विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवरील सुनावणीत, कला शाखेकडे जाणाऱ्यांसाठी गणित ऐच्छिक करता येईल का, असे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये मंडळाला विचारले होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद चर्चेत आली. दहावीत गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाता यावे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि त्या विषयांवर आधारित अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणार नाही, असे तिचे स्वरूप आहे.

अनुत्तीर्ण होऊन शाळा सोडणाऱ्यांना यातून दिलासा मिळू शकतो, हे मान्य करावे लागेल. एका विषयापायी मुलाचे शिक्षण थांबावे, याचे समर्थन अवघड आहे. पण पंधराव्या वर्षी घेतलेली सवलत विसाव्या वर्षी अडसर ठरू शकते, ही दुसरी बाजू आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, किंबहुना पत्रकारितेतही आज आकडेवारी हाताळावी लागते, आणि दहावीतल्या मुलाला हे सांगणारे कोणी जवळ असतेच असे नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकीच्या काही शाखांसाठी बारावीचे गणित-भौतिकशास्त्र अनिवार्य नसावे अशी तरतूद केली, तेव्हा तंत्रशिक्षणातील अनेकांनी आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर.

सवलतीचा लाभ आणि तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. उत्तर प्रदेशच्या मंडळात मुलींना दहावीत गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याचा पर्याय दीर्घकाळ होता. हा पर्याय मुलींची आवड म्हणून पाहायचा की त्यांच्याकडून असलेली अपेक्षा म्हणून, हा प्रश्न आजही गैरलागू झालेला नाही. २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील ३४,७४५ मुलामुलींची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ अहवालानुसार अकरावी वा त्यापुढील वर्गांतील निम्म्याहून अधिक, ५५.७ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते. विज्ञान-गणिताच्या शाखांत मुलांचे प्रमाण ३६.३ टक्के, तर मुलींचे २८.१ टक्के होते. या वयोगटातील केवळ ४३.३ टक्के मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. ग्रामीण भागात जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात केवळ कला शाखा असेल, तर विद्यार्थिनीचा ‘आवडता विषय’ एसटीच्या वेळापत्रकावर ठरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक आरोग्यविषयक सर्वेक्षणात सहावी ते बारावीच्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांचा समावेश होता. काळजीचे कारण म्हणून ५० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, तर ३१ टक्के विद्यार्थ्यांनी परीक्षा आणि निकाल नमूद केले. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरवले आहे. पहिली सर्वांना अनिवार्य, दुसरीत गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांपैकी तीन विषयांपर्यंत गुण सुधारण्याची संधी. नावडता विषय वगळण्याऐवजी तो पुन्हा देता येणे, हा त्यातला नवा भाग आहे. दोन परीक्षांमधल्या काही आठवड्यांत त्या विषयाचे अध्यापन शाळेत होणार की खासगी शिकवणीत, यावर त्याचा उपयोग अवलंबून राहील. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०२५ च्या पाहणीनुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जात होते. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर ग्रामीण भागात २५.५ टक्के होते.