भरावावरची वस्ती : जपानमध्ये परक्या माणसाला घर कसे मिळाले

जपानमध्ये जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांविषयी बोलणे निघाले की चर्चा ठरावीक तीन गोष्टींवर येऊन थांबते: भाषा अवघड, शिस्त कडक आणि शाकाहारी माणसाची पंचाईत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कोण तिथे मुलाबाळांसह रुजला आणि कोण दोन-चार वर्षांत बॅगा भरून परतला, याचा उलगडा त्यांतून होत नाही. सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर याचे उत्तर फार साध्या गोष्टीत सापडते, आणि ती गोष्ट म्हणजे भाड्याचे घर. जिथे परक्या माणसाला ओळखपाळख न विचारता घर मिळाले तिथे वस्ती झाली. जिथे मिळाले नाही तिथे तो पाहुणाच राहिला. असे घर बहुतेक वेळा जुन्या, नांदत्या मोहल्ल्यात मिळत नाही. ते मिळते शहराच्या कडेला, पाणथळ जमिनीवर भराव टाकून सरकारी यंत्रणेने उभ्या केलेल्या नव्या वसाहतीत. नवी मुंबईतल्या कामोठ्यात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मुंबई आणि जपान यांचा नियमित संबंध सुरू झाला तो कापसामुळे. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई-कोबे बोटसेवा सुरू केली. कापसाच्या गाठी तिकडे जाऊ लागल्या आणि त्यांच्यामागून व्यापारीही गेले. योकोहामा आणि कोबे या बंदरांत पारशी, सिंधी, गुजराती पेढ्या उघडल्या. मराठी माणूस या व्यापारात जवळजवळ नव्हताच. तो गेला तो शिकायला किंवा पाहायला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्याच्या ओढीने जपानमार्गे अमेरिकेला गेले. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि तिच्या प्रेरणेने १९१६ साली त्यांनी इथे महिला विद्यापीठ काढले. पुढे जगप्रवासात ते जपानलाही जाऊन आले. या लोकांनी जपानमधून पुष्कळ काही आणले, पण त्यांच्यामागे तिथे वस्ती राहिली नाही. व्यापाऱ्यांची मात्र राहिली. १९२३ च्या भूकंपात योकोहामा जमीनदोस्त झाले, तेव्हा तिथले भारतीय व्यापारी कोबेला निघून गेले. रेशमाचा धंदा त्यांच्यामागोमाग जाईल या धास्तीने योकोहामाकरांनी त्यांना परत बोलावण्यासाठी घरे आणि पेढ्या बांधून दिल्या. त्या आधाराबद्दल कृतज्ञता म्हणून आणि भूकंपात गेलेल्या आपल्या माणसांच्या स्मरणार्थ भारतीयांनी दिलेला घुमटाकार पाणपोईचा मंडप यामाशिता बागेत १९३९ पासून उभा आहे. परक्यांना परत आणायचे तर आधी छप्पर द्यावे लागते, हे त्या शहराने तेव्हाच ओळखले होते.

व्यापाऱ्यांसाठी शहर घरे बांधते. नोकरदारासाठी कोण बांधणार? जपानमध्ये खासगी घरमालकाकडून घर घ्यायचे म्हणजे अनामत रक्कम, दलाली, मालकाला मानाचे म्हणून द्यायचे आणि कधीही परत न मिळणारे पैसे, आणि या सगळ्याच्या वर एक जपानी जामीनदार. पैसे कसेही उभे करता येतात, पण काल विमानातून उतरलेल्या माणसाने जामीनदार कुठून आणायचा? जपानच्या कायदा मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ साली निष्कर्ष जाहीर केले. मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाला होता, तर ४१.२ टक्के लोकांना जपानी जामीनदार नसल्यामुळे. हा निव्वळ द्वेष आहे असे म्हणून मोकळे होता येणार नाही. घरभाडे कायद्याच्या १९४१ च्या दुरुस्तीनंतर सबळ कारण दाखवल्याशिवाय भाडेकरूला काढणे तिथे अवघड झाले. काढता येत नाही म्हणून घेतानाच पारखून घ्यायचे, ही मालकांची रीत त्यातून पक्की झाली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानंतर आपल्याकडे पागडी आणि पुढे अकरा महिन्यांचे करार आले, तेही याच भीतीपोटी. रीत कशीही पडलेली असो, तिचा फटका बसतो तो ज्याच्यासाठी शब्द टाकायला गावात कोणी नाही त्याला.

या रीतीला वळसा कुठे पडला हे पाहायचे तर टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा प्रभागातल्या कासाई भागात जावे लागते. हा मूळचा खाडीकाठ. इथले कोळी मासे आणि शिंपल्या धरत आणि उथळ पाण्यात बांबू रोवून नोरी हे समुद्री शेवाळ पिकवत. युद्धानंतर कारखान्यांनी भूगर्भातले पाणी इतके उपसले की जमीन खचत गेली आणि किनाऱ्याची शेते भरतीखाली गेली. १९५८ साली एदो नदीकाठच्या कागद कारखान्याचे काळे पाणी खाडीत आले. मासळी मेली, संतापलेले मच्छीमार कारखान्यात घुसले आणि पोलिसांशी झटापट झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानने जलप्रदूषणाविरुद्धचे पहिले राष्ट्रीय कायदे केले. तरी खाडी वाचली नाही. १९६२ साली टोकियोच्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले, आणि १९७० च्या दशकात कासाईच्या समुद्रात भराव पडू लागला. १९७९ मध्ये तोझाई मेट्रोमार्गावर निशी-कासाई स्टेशन उघडले. स्टेशनच्या दक्षिणेला सार्वजनिक गृहनिर्माण महामंडळाच्या उंच, एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या. आज हे महामंडळ ‘यूआर’ या नावाने ओळखले जाते.

पनवेल तालुक्यातल्या वाचकाला हा सगळा क्रम ओळखीचा वाटेल. १९७० साली सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-रायगडच्या खाडीकाठच्या ९५ गावांवर नव्या शहराचा आराखडा पडला. कामोठे त्यांतलेच एक. भाताची खाचरे, खाडीतली मासळी, आगरी वस्तीचे गावठाण. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्याची देणगी आहे, आणि कामोठ्यातल्या कितीतरी इमारती त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशने झाली, साताऱ्या-सांगलीपासून उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे इथे आली. कासाई असो की कामोठे, नव्या माणसाला घर मिळाले ते जुन्या माणसाची खाडी आणि शेत गेल्यावर. या वसाहतींचा इतिहास सांगताना ही किंमत आधी मांडली पाहिजे, कारण ती ज्यांनी मोजली त्यांची नावे इमारतींच्या पाट्यांवर नसतात.

निशी-कासाईत भारतीय वस्तीचा आरंभ जगमोहन चंद्रानी या चहाच्या व्यापाऱ्यापासून धरला जातो. ते स्टेशन उघडण्याच्या सुमारास तिथे आले. तेव्हा आसपास मोकळी मैदानेच जास्त होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन हजार सालचा संगणक-बिघाड टाळण्यासाठी बँकांनी भारतीय अभियंते बोलावले. ते हॉटेलांतून राहत होते, कारण घर मिळत नव्हते. चंद्रानींनी आणि इतरांनी त्यांना महामंडळाच्या इमारती दाखवल्या. तिथे जामीनदार लागत नाही, मानाचे पैसे लागत नाहीत, दलाली नाही. ठरलेले उत्पन्न आणि योग्य व्हिसा दाखवला की परदेशी नागरिकालाही दार उघडे. आधी एकटे आलेले अभियंते बायका-मुलांना घेऊन आले. २००४ आणि २००६ मध्ये पूर्व टोकियोत भारतीय शाळा निघाल्या, डाळ-तांदळाची दुकाने आली, दिवाळीचा मेळा भरू लागला. पुण्या-मुंबईत जपानी शिकून गेलेली मराठी कुटुंबे याच लाटेतली. २००० च्या सुमारास जपानभर भारतीय होते साधारण १० हजार. २०२४ च्या अखेरीस ते ५० हजारांच्या पुढे गेले, आणि एकाच प्रभागातली सर्वांत मोठी वस्ती एदोगावात आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे आगगाडीने केले, घरांनी नव्हे. तोझाई मार्ग निशी-कासाईतून थेट कायाबाचो, निहोनबाशी, ओतेमाची या बँकांच्या पेठेत जातो; प्रवास जेमतेम पाव तासाचा. हे खरे आहे. या प्रवासाला सुखाचा म्हणता येणार नाही: महामारीपूर्वी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यावर सकाळच्या गर्दीत क्षमतेच्या १९९ टक्के माणसे डब्यात असत, आणि हार्बर लाइनवर वाढलेल्या माणसालाही तिथे मुकाट्याने दाराशी चेपून उभे राहायला शिकावे लागले. पण त्याच मार्गावर याहून जवळची, जुनी, गजबजलेली स्टेशने होती. वस्ती तिथे झाली नाही. गाडीने दिशा दाखवली, पण दार उघडले ते भाड्याच्या नियमाने. टोकियोबाहेर कावागुचीच्या शिबाझोनो वसाहतीत चिनी रहिवाशांची संख्या जपान्यांहून अधिक झाली. तिथे मार्ग वेगळा, माणसे वेगळी, पण इमारती त्याच महामंडळाच्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परके एकाच वसाहतीत गोळा झाले की ते आपल्यातच राहतात, भाषा शिकत नाहीत आणि शेजारी दुरावतात. तोयोता शहरातल्या होमी वसाहतीचा दाखला यासाठी दिला जातो. १९९० च्या कायदाबदलानंतर जपानी वंशाचे ब्राझिली कामगार तिथे मोठ्या संख्येने आले. कचरा, गाड्या लावण्याची जागा आणि रात्रीचा गोंगाट यांवरून तंटे वाढत जाऊन १९९९ साली प्रकरण हातघाईवर आले. म्हणजे घर मिळाले की सारे जमले, असे नाही. घर फक्त आत येऊ देते. शेजार कमवावा लागतो, आणि त्यासाठी भाषा लागतेच. पण शेजार कमवायला आधी एका पत्त्यावर काही वर्षे टिकावे लागते. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, पिशवी सकाळी किती वाजायच्या आत जाळीखाली ठेवायची, हे फलकावर वाचून अर्धे कळते; उरलेले खालच्या मजल्यावरची आजी दोनदा पिशवी परत आणून देते तेव्हा कळते. सरकारी कागदांतही हा बदल उशिराच आला. परक्यांच्या नोंदणीत बोटांचे ठसे घेण्याची जुनी पद्धत २००० साली सुटली, आणि जुलै २०१२ पासून परदेशी रहिवाशांची नावे जपानी शेजाऱ्यांच्याच रहिवासी-नोंदवहीत येऊ लागली.

वस्तीने माणूस कोंडला जातो, या म्हणण्याला सर्वांत ठोस उत्तर योगेंद्र पुराणिक यांच्या निवडणुकीत आहे. महाराष्ट्रात जन्मलेले, पुण्यात शिकलेले पुराणिक निशी-कासाईत राहिले. रहिवाशांच्या संघात काम करून त्यांनी २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले. त्यांना ६,४७७ मते पडली. जपानमध्ये परदेशी नागरिकाला मत नाही, म्हणजे ही मते जपानी नागरिकांची होती. वस्ती कोंडवाडा असती तर असे झाले नसते. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका नामांकित सरकारी प्रशालेचे मुख्याध्यापकपदही त्यांच्याकडे आले.

उघड्या दाराची किंमत पाण्यातही मोजावी लागते. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ साली प्रभागाने घरोघर वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका, असे स्वच्छ बजावले होते. धारण तलाव आणि खारफुटी यांच्या भरवशावर पावसाळा काढणाऱ्या आपल्या कामोठ्यात ही सूचना परकी वाटू नये. नवागताला मिळते ती जमीन बहुधा पाण्याच्या वाटेतली असते, म्हणून तिथली गटारे आणि बांध हा त्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता नवी लाट येते आहे आणि ती वेगळी आहे. २०१९ पासून जपानने ठरावीक कौशल्यांच्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये भारताशी त्यासाठी करार झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षांत ५० हजार कुशल भारतीय जपानला पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. वृद्धसेवा, शेती, बांधकाम अशी ही कामे टोकियोबाहेर, लहान गावांत असतील. तिथे निशी-कासाई नाही. अनेकदा घर नोकरी देणारा मालकच देईल आणि भाडे पगारातून कापेल. म्हणजे नोकरी सुटली की छप्परही सुटले. १९९३ च्या प्रशिक्षणार्थी योजनेतल्या कामगारांची एक मोठी कोंडी हीच होती, आणि ती योजना बंद करून दुसरी आणण्याची पाळी जपानवर आली. म्हणून आपल्या घरातले मूल या वाटेने निघत असेल तर पगाराच्या आकड्याबरोबर तीन प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारा: घराचा करार कोणाच्या नावावर आहे, भाडे किती कापले जाणार आहे, आणि नोकरी बदलली तर त्या घरात राहता येईल का. आणि आपल्या सोसायटीत पुढच्या वेळी कोणी परगावचा भाडेकरू घर विचारायला आला, तर त्याला उत्पन्नाचा पुरावा जरूर मागा, पण गावात ओळख कोणाची, हे विचारू नका.