गेममधला डोंगर आणि आपला माळ: शिकारीच्या नोंदींवरून नकाशा कसा बनतो

गेल्या दिवाळीत जवळा बाजारला घरी गेले होते. अकरावीतला मामेभाऊ मोबाईल सोडून लॅपटॉपला चिकटलेला. 'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' नावाचा शिकारीचा गेम चालू होता. पडद्यावर मेक्सिकोचं वाळवंट: लाल डोंगर, निवडुंग, कोरडे ओढे. त्या नकाशाचं नाव 'रांचो देल अरोयो'. हा पठ्ठ्या अर्धा तास एका पाणवठ्याच्या वर दबा धरून बसला होता. मी विचारलं, "इथंच का?" तो म्हणाला, "ताई, दुपारी ते पाण्यावरच येतंय. वेळ ठरलेली आहे त्याची."

मग त्यानंच विचारलं, "आपल्या औंढ्याच्या डोंगराचा असा मॅप केला, तर त्यात काय काय टाकायचं?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गेली तीन वर्षं मी पीएचडीत नेमकं तेच करतेय. फरक एवढाच की माझ्या नकाशात गोळी झाडता येत नाही, आणि त्यातले बरेच प्राणी आता तिथं नाहीत. दख्खनच्या कोरड्या डोंगराळ भागात शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कुठला प्राणी कुठं होता, हे जुन्या नोंदींवरून शोधायचं, असं माझं काम आहे. आज ते गेमच्या निमित्तानं सांगते.

गेमवाला काय करतो?

असा नकाशा बनवताना आधी जमीन येते: उंची, उतार, पाणी, झाडझाडोरा. मग प्राणी. पण प्राणी कुठंही सोडून चालत नाही. या गेममध्ये प्रत्येक प्राण्याला खाण्याची, पिण्याची आणि विसाव्याची जागा ठरवून दिलेली असते आणि प्रत्येकाची वेळही. खेळणाऱ्यानं त्या जागा आणि वेळा हेरायच्या. पाऊलखुणा, विष्ठा, आवाज यांवरून माग काढायचा.

आता हाच हिशोब आपल्याकडं लावू. आपला भाग वाळवंट नाही, पण पर्जन्यछायेतला आहे. खाली बेसॉल्टचा काळा दगड. डोंगरमाथे सपाट, त्यांवर वीतभर मुरमाड माती. सगळी काळी माती वाहून खाली खोऱ्यात आलेली. म्हणून खाली कापूस, हळद, सोयाबीन आणि वर कुसळी, पवन्या, मारवेल असली गवतं आणि मधूनमधून बोरी-बाभळी. या वरच्या भागाला आपण 'माळ' म्हणतो आणि सरकारी कागद 'पडीक'. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडं परत यायचं आहे.

काळवीट उघड्या, आखूड गवताच्या सपाटीवर टाकायचं. त्याचा जीव नजरेवर आणि पळण्यावर. चिंकारा टाकायचा घळींच्या, ओबडधोबड उतारांच्या कडेला. पाला आणि दवातून तो बरंचसं पाणी मिळवतो, त्यामुळं पाणवठ्यापासून लांबही चालेल. लांडगा काळविटांच्या मागं. काळवीट संपलं की मेंढ्यांच्या मागं, म्हणजे धनगराच्या वाड्याजवळ. खोकड, तरस, साळिंदर, रानडुक्कर, रोही. पक्ष्यांत तित्तर, धाविक, तणमोर आणि सगळ्यांत वर माळढोक.

इथवर सोपं वाटतं. पण हे सगळं इथं *होतं* हे कशावरून? गेमवाल्याला पटेल असं दिसलं की पुरे. मला पुरावा द्यावा लागतो.

साहेबाची वही

पुराव्यातला मोठा भाग शिकाऱ्यांनी आणि शिकार करणाऱ्या निसर्गअभ्यासकांनी लिहिलेला आहे. त्या काळी ही दोन माणसं बहुतेकदा एकच असत.

पहिलं नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारनं १८२४ मध्ये त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. शेती, लोकसंख्या, हवामान यांच्या जोडीनं त्यांनी पशुपक्ष्यांची यादी केली. आपला लांडगा शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तो त्यांच्या १८३१ च्या लेखनातून. त्याच वर्षी त्यांनी रानकुत्र्याला लॅटिन नाव दिलं, त्यात 'दख्खन' हा शब्दच गुंफला: कॅनिस दुखुनेन्सिस.

दुसरे टी. सी. जर्डन, मद्रास सैन्यातले डॉक्टर. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ते जालन्याच्या छावणीत होते. पुढं त्यांनी पक्ष्यांवर आणि १८६७ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी चित्त्याचं एक पिल्लू ग्रेहाउंड कुत्र्यांच्या पिल्लांबरोबर वाढवलं होतं आणि ते कुत्र्यासारखं त्यांच्या मागं मागं फिरायचं. आज ही गोष्ट वाचताना गोड वाटते, मग आठवतं की ते जनावर आपल्या देशातून संपलं.

तिसरी नोंद आकड्याची. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका शिकाऱ्यानं १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले. एका माणसानं, एका जिल्ह्यात. वर्षाला साधारण ४५ ते ५०. आज देशभरातले सगळे माळढोक मिळून दीडशेच्या आत भरतात.

आणखी एक आकडा. इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडलेल्या हिशोबानुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत इंग्रजी मुलखात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. त्यांवर बक्षीस होतं. म्हणजे प्राणी मेला की कागद तयार व्हायचा, जिवंत राहिला तर त्याची नोंदच नाही. माझ्या नकाशावरचा जवळपास प्रत्येक ठिपका म्हणजे एक मेलेला प्राणी आहे. हे लक्षात आलं त्या दिवशी मी काम थोडं लवकर बंद केलं होतं.

आमच्या गावावर एकही ठिपका नाही

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी पहिला कच्चा नकाशा केला. नगरकडं ठिपक्यांची गर्दी, जालन्याभोवती गर्दी आणि औंढा, जवळा, वसमत हा सगळा पट्टा कोरा. मी तो नकाशा समितीपुढं ठेवला आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की या पट्ट्यात गवताळ प्रदेशातले प्राणी विरळ असावेत.

घरी आल्यावर आजोबांना नकाशा दाखवला. ते म्हणाले, "हरणं नव्हती? अगं, ज्वारी राखायला रात्र रात्र माळ्यावर काढली आम्ही. गोफणीनं हाकलायचो."

मी चुकले होते आणि चूक साधी होती. ठिपके प्राण्यांचे नव्हते, साहेबांच्या तंबूंचे होते. जिथं छावणी, रस्ता, पुढं रेल्वे, तिथं बंदूक आणि वही पोचली. हिंगोलीतही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण मी ज्या छापील पुस्तकांवर विसंबले होते त्यांत तिथल्या नोंदी जवळपास नव्हत्या. आपला मुलूख निजामाचा. इथली दप्तरं उर्दू-फारशीत. नगरसारखा इंग्रजी कागदांचा ढीग इथं नाही. १९०९ च्या सुमाराच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या वर्णनात प्राण्यांना मिळतं एखादं वाक्य. पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी व्हायला १९३१-३२ उजाडावं लागलं, तेव्हा सलीम अलींनी हैदराबाद संस्थानाचा पक्षीसर्वेक्षणाचा दौरा केला.

तेव्हापासून माझ्या नकाशात तीन रंग आहेत: 'होता', 'नव्हता' आणि 'कुणी बघितलंच नाही'. तिसरा रंग सगळ्यांत जास्त जागा व्यापतो.

वाघ म्हणजे कुठला वाघ?

दुसरी भानगड नावांची. आपल्याकडं बिबट्यालाही 'वाघ'च म्हणतात. पट्ट्यांचा असेल तर 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' म्हणायचं. काही ठिकाणी बिबट्यालाच 'चित्ता' म्हणतात. जुन्या इंग्रजी लिखाणातही हा घोळ आहे: तिथं 'चीता' असं लिहिलेलं जनावर बिबट्या निघू शकतं आणि खऱ्या चित्त्याला 'शिकारी बिबट्या' म्हटलेलं असतं. त्यामुळं प्रत्येक नोंदीला विचारावं लागतं: ठिपके भरीव की पोकळ? झाडावर चढला का? हरणामागं उघड्यावर पळाला का? यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती नोंद बाजूला ठेवायची, कितीही मोह झाला तरी.

गावांच्या नावांचंही तसंच. नांदेड-वाघाळा महापालिकेचं नाव वाचलं की हात शिवशिवतो, ठिपका द्यावासा वाटतो. पण नावात वाघ आला तो जनावरामुळं, वाघोबाच्या ठाण्यामुळं, वाघ आडनावाच्या घराण्यामुळं की भलत्याच शब्दावरून, हे नुसत्या नावावरून कळत नाही. गावाचं नाव हा मागोवा घ्यायला सांगणारा इशारा, पुरावा नव्हे.

माग कुणी काढला?

गेममध्ये खेळणारा स्वतः माग काढतो. प्रत्यक्षात साहेब माग काढत नसे. ते काम गावातल्या माणसांचं, आणि माळावर बहुतेकदा पारध्यांचं. फासेपारधी फास लावून हरणं, तित्तर धरत. चितेपारधी चित्ते धरून शिकारीसाठी तयार करत, म्हणून त्यांचं ते नाव. चित्ता कुठल्या झाडाशी खूण करायला येतो, हरणांचा कळप कुठल्या वाटेनं उतरतो, हा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. पुस्तकावर नाव साहेबाचं लागलं.

आणि त्याच साहेबाच्या राज्यानं १८७१ पासून सुरू झालेल्या कायद्यांच्या मालिकेत पारध्यांसारख्या जमातींवर 'गुन्हेगार' हा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्यातून गेला, पण गावकुसाबाहेरच्या पालांत राहणाऱ्यांना विचारा, तो माणसांच्या नजरेतून गेलाय का ते. योगायोग असा की १९५२ मध्येच भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. म्हणून आता मी वयस्कर पारधी मंडळींशी बोलते. सुरुवातीला कुणी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीबद्दल वही-पेन घेऊन विचारणारी बाई म्हणजे संशयच. मी कुणाचंही नाव, पत्ता लिहून घेत नाही. फक्त एवढंच विचारते: तुमच्या वडिलांच्या वेळी हे जनावर कुठं दिसायचं?

कोऱ्या नकाशाचं काय होतं

आता 'पडीक' या शब्दाकडं येऊ. नकाशावर जागा कोरी दिसली की ती रिकामी आहे असं वाटतं, आणि रिकामी वाटली की भरायची घाई होते. माळावर झाडं लावा, नांगरा, खाणी काढा, काहीही करा, कारण तिथं 'काहीच नाही'. सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. त्याची हद्द आधी ८ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, पुढं ती सुमारे १,२२२ वर आली. इतक्या मोठ्या हद्दीत माणसांची शेतं-गावं अडकली होती, त्यामुळं ती कमी करणं काही अंशी गरजेचंही होतं. पण पक्षी मात्र आता क्वचितच दिसतो. कर्जतजवळचं रेहेकुरी काळवीट अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरचंही नाही, तरी तिथं काळवीट टिकलं. कुणीतरी वेळेत म्हटलं होतं की ही जागा रिकामी नाही.

१७ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावत होतो त्याच दिवशी, नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले. त्यावर मतं काहीही असोत, पण चित्ता कुठं सोडायचा हे ठरवताना पूर्वी तो कुठं होता, हा प्रश्न आलाच. जुन्या नोंदींचा उपयोग होतो तो असा.

आणि एक नकाशा तर जनावरानंच काढून दिला. टिपेश्वर अभयारण्यातल्या टी१-सी१ या तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली. तो जूनमध्ये निघाला आणि सुमारे पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर चालला. तेलंगणाच्या बाजूनं, मग आपल्या हिंगोली जिल्ह्यातून, वाशीम-अकोल्याकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात. शेतांतून, नाल्यांतून, बहुतेक रात्रीचा. कॉलर जवळपास तासातासाला जागा कळवत होती. माझ्या नकाशातला हा एकमेव लांबलचक ठिपक्यांचा माग, ज्यातला प्रत्येक ठिपका जिवंत जनावराचा आहे. आणि तो नेमका त्या पट्ट्याजवळून जातो, जो मी कोरा सोडला होता.

मामेभावाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. परवा फोनवर सांगितलं: आपल्या डोंगराच्या मॅपमध्ये माथ्यावर गवत टाक, घळीत चिंकारा, ज्वारीच्या कडेला काळवीट, धनगराच्या वाड्यामागं लांडगा. आणि मधे मोठी जागा सोड, तिथं लिही, 'अजून बघायचंय.'

तो म्हणाला, "मग गेम कसा होणार, ताई?"

"तोच तर गेम आहे," मी म्हटलं. पुढच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर माळावर येणार आहे. दुर्बीण माझी, मोटारसायकल त्याची.